आइसलंडचं बुद्धिबळ: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आइसलंडचं क्षेत्रफळ साधारण १ लाख ३ हजार चौरस किलोमीटर आणि लोकसंख्या चार लाखांच्या आत. दर चौरस किलोमीटरला चार माणसंही भरत नाहीत. त्यातही जवळपास दोन-तृतीयांश लोक राजधानी रेक्याविक आणि तिच्या आसपास राहतात. देशाच्या मधल्या भागात हिमनद्या, लाव्हा आणि वाळू आहे, वस्ती नाही. चहूबाजूंना अटलांटिक. अशा ठिकाणच्या बुद्धिबळाबद्दल तेच ते प्रश्न पुन्हापुन्हा येतात, म्हणून उत्तरं एकत्र लिहून ठेवली आहेत.

एवढ्याशा देशात ग्रँडमास्टर किती?

आजवरचे मोजले तर पंधरा-सोळा. म्हणजे साधारण पंचवीस हजार लोकांमागे एक. भारतात ग्रँडमास्टरांची संख्या नव्वदच्या घरात गेली आहे, तरी हिशोब दीड कोटी लोकांमागे एक असाच येतो. दरडोई ग्रँडमास्टरांच्या बाबतीत आइसलंडचं नाव कायम अग्रभागी असतं.

या आकड्यानं फार हुरळून जाऊ नये. लोकसंख्या चिमुकली असली की भागाकार नेहमीच भव्य दिसतो. जागतिक विजेतेपदाच्या सामन्यापर्यंत एकही आइसलंडर पोचलेला नाही. पण पंधरा-सोळा हा आकडाही आकाशातून पडलेला नाही, आणि खरी गोष्ट तिथंच आहे.

हिवाळ्यातल्या लांबलचक रात्री, बाहेर बर्फ, मग माणूस दुसरं करणार काय? हेच कारण ना?

हे उत्तर सगळ्यांना आवडतं. मला पटत नाही.

रात्री लांब आहेत, हे खरं. डिसेंबरात रेक्याविकला दिवस चार तासांचा असतो. करमणूकही एके काळी बेताचीच होती. सरकारी टीव्ही १९८७ पर्यंत दर गुरुवारी बंद असे आणि १९८३ पर्यंत जुलैचा अख्खा महिना सुटीवर जाई! पण रात्री तर ग्रीनलंडमध्येही लांब असतात, उत्तर नॉर्वेतही असतात. तिथं ग्रँडमास्टरांची रांग लागलेली नाही. अंधारानं माणूस पटापर्यंत येईलही. पटावरून त्याला पुढं नेण्यासाठी क्लब लागतो, शिकवणारा लागतो, तगडा प्रतिस्पर्धी लागतो आणि परदेशी जायला पैसे लागतात. आइसलंडनं यातली एकेक गोष्ट हातानं उभी केली. रेक्याविकचा बुद्धिबळ क्लब १९०० सालचा. उत्तरेकडच्या आकुरेरीचा १९१९चा. राष्ट्रीय महासंघ १९२५चा. देश पूर्ण प्रजासत्ताक झाला १९४४ मध्ये. म्हणजे महासंघ प्रजासत्ताकाहून १९ वर्षांनी मोठा.

आणखी एक गोष्ट आकड्यांत दिसत नाही. छोट्या देशात चांगला खेळाडू लपून राहत नाही. बारा वर्षांचा पोरगा जोरात खेळायला लागला की वर्षभरात तो देशातल्या सर्वोत्तम खेळाडूसमोर बसलेला असतो, कारण दोघांचा क्लब एकच. मोठ्या देशांत हे भाग्य फार थोड्यांच्या वाट्याला येतं.

बुद्धिबळ तिथं पोचलं कधी?

नेमकं साल सांगता येत नाही, पण तेराव्या शतकात ते तिथल्या लिहित्या लोकांना चांगलंच ठाऊक होतं. स्नोरी स्टुर्लुसन या आइसलंडिक लेखकानं १२३० च्या सुमारास नॉर्वेच्या राजांचा इतिहास लिहिला, त्यात एक झकास प्रसंग आहे. राजा क्नूट आणि त्याचा जार्ल, म्हणजे सरदार, उल्फ पट मांडून बसलेत. राजाची चाल चुकते, उल्फ त्याचा घोडा मारतो. राजा घोडा जागेवर ठेवून म्हणतो, ती चाल नको, दुसरी खेळ. उल्फ चिडून पट उलथतो आणि उठतो. दुसऱ्या दिवशी राजा त्याला चर्चमध्ये ठार करवतो. हा प्रसंग अकराव्या शतकातला म्हणून सांगितलाय. तेव्हा तिकडं बुद्धिबळ पोचलं असेल का, याची शंकाच आहे. स्नोरीनं बहुधा आपल्या काळचा खेळ मागं नेऊन ठेवला. पण चाल परत घेण्यावरचं भांडण तेव्हाही होतं, हे वाचून बरं वाटतं.

आइसलंडिक भाषेत बुद्धिबळाला ‘स्काउक’ म्हणतात, आणि शह दिला तरी ‘स्काउक’च. हा शब्द फिरत फिरत फारसी ‘शाह’पासून आला. आपला ‘शह’सुद्धा तिथूनच आला. आपण ज्याला उंट म्हणतो तो तिकडं ‘बिस्कुप’, म्हणजे बिशप.

लुइस बेटावर सापडलेल्या त्या प्रसिद्ध सोंगट्या आइसलंडमध्ये घडल्या, हे खरं का?

सिद्ध झालेलं नाही. स्कॉटलंडजवळच्या लुइस बेटावर १८३१ मध्ये सापडलेल्या या सोंगट्या बहुतेक वॉलरसच्या सुळ्यांच्या आहेत. बऱ्याच अभ्यासकांच्या मते त्या नॉर्वेतल्या ट्रॉन्डहाइमच्या. २०१० मध्ये गुडमुंडुर थोरारिनसन यांनी असा दावा मांडला की त्या दक्षिण आइसलंडमधल्या स्कालहोल्टला, मार्गरेट नावाच्या कुशल कोरीवकाम करणाऱ्या स्त्रीच्या हातून घडल्या. त्यांचा एक मुद्दा भाषेचा होता: सोंगटीला बिशप म्हणायची रीत आइसलंडमध्ये फार जुनी आहे. मुद्दा चलाख आहे, पुरावा मात्र अपुरा. हे थोरारिनसन व्यवसायानं इंजिनिअर, आणि १९७२ मध्ये आइसलंडच्या बुद्धिबळ महासंघाचे अध्यक्ष होते. ते पुढं पुन्हा भेटतील.

ग्रिमसे बेटावर घरटी बुद्धिबळ खेळतात म्हणे?

आज नाही. एके काळी मात्र ते बेट त्यासाठीच ओळखलं जाई.

ग्रिमसे उत्तर किनाऱ्यापासून सुमारे ४० किलोमीटरवर आहे. आर्क्टिक वृत्त त्याच्यावरून जातं. कायमची वस्ती शंभराच्याही आत. मासेमारी आणि समुद्रपक्षी यांवर पिढ्या काढलेली ही माणसं बुद्धिबळाची इतकी वेडी होती की हरल्यावर कड्यावरून उडी टाकणाऱ्यांच्या दंतकथा सांगितल्या जातात. (दंतकथाच. शंभर जणांच्या बेटाला असा छंद परवडला नसता.)

या वेडाची बातमी विलर्ड फिस्क या अमेरिकन माणसाच्या कानावर गेली. फिस्क हे अजब व्यक्तिमत्त्व. १८५७ मध्ये न्यूयॉर्कला भरलेल्या पहिल्या अमेरिकन बुद्धिबळ काँग्रेसचा तो एक प्रमुख आयोजक. अमेरिकेचा विख्यात खेळाडू पॉल मॉर्फी जिंकला ती हीच स्पर्धा. पुढं तो कॉर्नेल विद्यापीठाचा ग्रंथपाल आणि उत्तरेकडच्या भाषांचा प्राध्यापक झाला. १८७९ मध्ये तो आइसलंडला गेला, तेव्हा बोटीवरून त्यानं ग्रिमसे पाहिलं. बेटावर त्यानं पाऊल ठेवलं नाही असं सांगतात, पण मन तिथंच राहिलं. त्यानं बेटावरच्या घराघरात बुद्धिबळाचे संच पाठवले, पुस्तकं पाठवली. १९०४ मध्ये वारला तेव्हा मृत्युपत्रात ग्रिमसेच्या लोकांसाठी १२ हजार डॉलर ठेवून गेला. त्यातून शाळा आणि वाचनालयाची सोय झाली. ११ नोव्हेंबरला, त्याच्या वाढदिवशी, बेटावर अजून सण साजरा होतो. पट मात्र आता फारसे मांडले जात नाहीत.

मला यात दोन गोष्टी दिसतात. पट आणि पुस्तकं भेट देता येतात, प्रतिस्पर्धी देता येत नाहीत. शंभर माणसांत खेळ टिकतो, पण वाढत नाही. कारण तुम्ही आयुष्यभर त्याच दहा जणांशी खेळता आणि त्यांच्या सगळ्या खोड्या पाठ होतात. ग्रिमसेतून ग्रँडमास्टर निघाला नाही, तो रेक्याविकमधून निघाला.

पहिला ग्रँडमास्टर कोण?

फ्रिदरिक ओलाफसन. जन्म १९३५. १९५८ मध्ये पोर्टोरोजच्या इंटरझोनलमध्ये, म्हणजे जगज्जेतेपदाच्या वाटेवरच्या पात्रता स्पर्धेत, त्यानं पंधरा वर्षांच्या बॉबी फिशरबरोबर पाचवा-सहावा क्रमांक वाटून घेतला. तिथून दोघंही ग्रँडमास्टर झाले आणि जगज्जेत्याचा आव्हानवीर ठरवणाऱ्या कँडिडेट्स स्पर्धेत गेले. फिशर, ताल, पेट्रोसियन या तिन्ही जगज्जेत्यांना त्यानं कधी ना कधी हरवलंय. आइसलंडमध्ये तो राष्ट्रीय नायक होता, आणि त्याला बघून पोरं क्लबात यायला लागली. बुद्धिबळाची लाट अशीच येते: एक माणूस जगात जाऊन जिंकून येतो आणि गावातल्या पोरांना कळतं की हे आपल्यालाही जमण्यासारखं आहे.

पण फ्रिदरिकबद्दल माझी खरी ओढ वेगळ्या कारणासाठी आहे. तो कायदा शिकलेला होता, आणि १९७८ मध्ये तो फिडेचा, म्हणजे जागतिक बुद्धिबळ महासंघाचा, अध्यक्ष निवडून आला. त्या वेळी कोर्चनॉय हा आघाडीचा खेळाडू सोव्हिएत संघातून निघून गेला होता आणि त्याची बायको व मुलगा तिकडं अडकलेले होते. १९८१ च्या जगज्जेतेपदाच्या, सोव्हिएत कार्पोव विरुद्ध कोर्चनॉय अशा सामन्याआधी फ्रिदरिकनं सामना पुढं ढकलला, कारण एका खेळाडूचं कुटुंब दुसऱ्या खेळाडूच्या देशानं अडकवून ठेवलं असेल तर दोघांना समान संधी कसली? दोन-सव्वादोन लाख वस्तीच्या देशातला माणूस सोव्हिएत महासंघाला असं ऐकवतो, हे त्या काळात थोडं नव्हतं. १९८२ च्या निवडणुकीत तो कांपोमानेसकडून हरला.

याच काळातला आणखी एक किस्सा. १९८० मध्ये ब्यूनोस आयर्सला त्यानं चालू जगज्जेत्या कार्पोवला हरवलं. फिडेच्या चालू अध्यक्षानं चालू जगज्जेत्याला हरवलेला असा डाव दुसरा मला माहीत नाही. पुढं तो आल्थिंगचा, म्हणजे आइसलंडच्या संसदेचा, प्रशासकीय प्रमुख होता. २०२५ मध्ये नव्वदाव्या वर्षी तो गेला.

हेल्गी ओलाफसन त्याचा भाऊ का?

नाही. आइसलंडमध्ये बहुतेकांना आडनावच नसतं. ‘ओलाफसन’ म्हणजे ओलाफचा मुलगा, बस्स. दोघांच्या वडिलांचं नाव एकच होतं, एवढाच संबंध. मुलगी असेल तर शेवटी ‘दोत्तिर’ लागतं. तिथं माणसाला पहिल्या नावानंच हाक मारतात आणि याद्याही पहिल्या नावानं लावतात, म्हणून मीही इथं तेच करतोय.

१९७२ चा फिशर-स्पास्की सामना तिथंच का झाला?

हा जगज्जेतेपदाचा सामना होता: सोव्हिएत जगज्जेता बोरिस स्पास्की विरुद्ध अमेरिकन आव्हानवीर बॉबी फिशर. तिथं झाला, कारण आइसलंडनं तो मागितला. सुरुवातीला अर्धा सामना बेलग्रेडला आणि अर्धा रेक्याविकला व्हायचा होता. फिशरच्या मागण्यांच्या गोंधळात बेलग्रेड मागं हटलं आणि पूर्ण सामना आइसलंडकडं आला. महासंघाचे अध्यक्ष, वर आलेले थोरारिनसन, तेव्हा तिशीच्या सुरुवातीला होते. बक्षिसाची रक्कम सव्वा लाख डॉलर. बुद्धिबळात तोवर कुणी ऐकली नव्हती एवढी.

देशाची त्या वेळची लोकसंख्या सुमारे २ लाख १० हजार. देशाला वळसा घालणारा मुख्य रस्तासुद्धा पुरा झालेला नव्हता. दक्षिणेकडच्या नद्यांवरचे पूल होऊन ते वर्तुळ १९७४ मध्ये जुळलं. अशा देशात साऱ्या जगाचे वार्ताहर येऊन बसले, आणि फिशर आलाच नाही! १ जुलैचं उद्घाटन त्याच्याविना झालं. तिकिटांच्या उत्पन्नातला वाटा हवा, म्हणून तो अडून होता. शेवटी जिम स्लेटर या इंग्रज उद्योजकानं बक्षीस दुप्पट केलं, अमेरिकन सरकारमधल्या किसिंजरनं फोन केला आणि फिशर विमानात बसला.

पहिला डाव ११ जुलैला झाला. फिशरनं बरोबरीच्या स्थितीत उंटानं कडेचं प्यादं खाल्लं, उंट अडकला, डाव गेला. दुसऱ्या डावाला कॅमेऱ्यांच्या रागानं तो आलाच नाही. ०-२. तिसरा डाव प्रेक्षकांपासून दूर, मागच्या एका खोलीत खेळायचं ठरलं. स्पास्कीनं त्याला होकार दिला, आणि फिशरनं त्याला आयुष्यात पहिल्यांदा हरवलं. सहाव्या डावात फिशर नेहमीचं राजाचं प्यादं सोडून वजिराच्या बाजूनं उतरला. तो डाव इतका देखणा झाला की प्रेक्षकांबरोबर स्पास्कीनंही टाळ्या वाजवल्या. १ सप्टेंबरला तहकूब एकविसावा डाव स्पास्कीनं फोनवरून सोडला. १२½-८½.

स्पास्कीबद्दल फार कमी बोललं जातं. ०-२ झाल्यावर तो घरी परत गेला असता तर कुणी दोष दिला नसता. तो खेळायला आला होता, म्हणून खेळला.

खुर्चीत यंत्र सापडलं होतं का?

नाही. फिशरवर कुठल्या तरी यंत्रानं किंवा रसायनानं स्पास्कीवर परिणाम घडवल्याचा आरोप सोव्हिएत गोटातून झाला. खुर्च्यांचे एक्स-रे काढले, दिवे उघडून पाहिले. दिव्याच्या झाकणात दोन मेलेल्या माश्या सापडल्या.

त्या सामन्यानंतरच आइसलंडमध्ये बुद्धिबळ वाढलं का?

वाढलं १९७२ नंतर, पण मुळं जुनी होती. १९३९ च्या ब्यूनोस आयर्स ऑलिंपियाडमध्येच, म्हणजे देशांच्या सांघिक स्पर्धेत, आइसलंडनं ‘ब’ गटाची अंतिम साखळी जिंकली होती. सामन्यानं काय केलं, तर ऐन वयातल्या पोरांच्या एका पिढीला जगज्जेते जवळून दाखवले. १९७७ मध्ये योन एल. आर्नासन सतरा वर्षांखालचा जगज्जेता झाला. त्याच्या मागं राहिलेल्यांत पुढं जगज्जेता झालेला गारी कास्पारोव होता. योन, हेल्गी ओलाफसन, मार्गेइर पेतुर्सन आणि योहान ह्यार्तार्सन ही चौकडी ऐंशीच्या दशकाच्या मध्यापर्यंत ग्रँडमास्टर झाली, आणि १९८६ च्या दुबई ऑलिंपियाडमध्ये आइसलंड पाचवं आलं. पाचवं! सोव्हिएत संघ, इंग्लंड, अमेरिका, हंगेरी आणि मग अडीच लाख लोकांचा हा देश.

१९८७ मध्ये हान्नेस स्तेफानसन सोळा वर्षांखालचा आणि हेदिन स्टाइनग्रिमसन बारा वर्षांखालचा जगज्जेता, दोन्ही एकाच वर्षी. १९८८ मध्ये योहाननं कँडिडेट्सच्या सामन्यात कोर्चनॉयला घरी पाठवलं. पुढच्या फेरीत तो कार्पोवकडून हरला. १९९४ मध्ये हेल्गी आउस ग्रेतारसन वीस वर्षांखालचा जगज्जेता झाला.

त्यानंतर चित्र पालटलं. चौकडीतल्या बऱ्याच जणांनी पोटापाण्याचे दुसरे उद्योग धरले. मार्गेइरनं तर स्वतःची बँक काढली. पट सोडून बँकेत गेलेला ग्रँडमास्टर परत येत नाही. पुढच्या पिढ्यांत ग्रँडमास्टर झाले, विग्निर वातनार स्तेफानसनसारखी तरुण मुलं आजही होताहेत. पण ऐंशीच्या दशकासारखे चार जण एकाच वेळी पुन्हा उगवले नाहीत.

ग्रँडमास्टरला सरकार पगार देतं, हे खरं?

१९९० मध्ये आल्थिंगनं बुद्धिबळासाठी दोन कायदे केले. एकानं ग्रँडमास्टरांच्या मानधनाचा निधी उभा राहिला. त्यातून खेळाडूला शिक्षकाच्या पगाराच्या धर्तीवर पैसे मिळत, आणि त्या बदल्यात खेळणं आणि शिकवणं या दोन्हीची जबाबदारी असे. दुसऱ्यानं राष्ट्रीय बुद्धिबळ शाळा स्थापन झाली. हेल्गी ओलाफसन तिचा बराच काळ प्रमुख होता. ऐषआराम नव्हता, पण घरभाड्याची चिंता न करता एखादं वर्ष अभ्यासात घालवता येई. छोट्या देशात खासगी प्रायोजक किती मिळणार? तिथं हे काम सरकारनं करणंच शहाणपणाचं.

अशा एकाकी ठिकाणी रेटिंगची अडचण येते म्हणजे नेमकं काय?

रेटिंग म्हणजे तुमच्या खेळाचं माप नव्हे, तुम्ही ज्यांच्याशी खेळलात त्यांच्या तुलनेतलं माप. एलो या रेटिंग मोजायच्या पद्धतीत जेवढे गुण जिंकणाऱ्याला मिळतात, साधारण तेवढेच हरणाऱ्याचे जातात. आता कल्पना करा, दोनशे खेळाडू वर्षानुवर्षं आपापसातच खेळताहेत. त्यांतली मुलं झपाट्यानं सुधारताहेत. ती मोठ्यांचे गुण घेतात, मोठे आहेत तेवढेच चांगले राहूनही खाली जातात, आणि बाहेरून नवे गुण येत नाहीत. दहा वर्षांनी त्या गटातला १८०० चा खेळाडू परदेशात गेला की तिथले १९०० वाले त्याच्यापुढं चकित होतात.

फिडेनं यावर थोडे उपाय केलेत. अठरा वर्षांखालच्या, २३०० पेक्षा कमी रेटिंगच्या मुलांना ४० चा मोठा गुणक लागतो, म्हणजे दर डावाला त्यांचे जास्त गुण हलतात, म्हणून ती लवकर आपल्या खऱ्या जागी पोचतात. आणि १ मार्च २०२४ ला फिडेनं २००० खालच्या सगळ्यांची रेटिंग एकदाच वर उचलली: २००० पर्यंत जेवढं अंतर, त्याच्या चाळीस टक्के. १५०० चा खेळाडू एका रात्रीत १७०० झाला. तळ १४०० ला आणून ठेवला. पण मूळ औषध एकच, बाहेरच्यांशी खेळणं.

किताबांची अडचण याहून कडक. ग्रँडमास्टर होण्यासाठी २५०० रेटिंग आणि नॉर्म्स लागतात, मिळून निदान २७ डावांच्या. नॉर्म म्हणजे एखाद्या स्पर्धेत २६०० च्या दर्जाची कामगिरी. प्रतिस्पर्ध्यांत पुरेसे ग्रँडमास्टर हवेत, आणि सर्वसाधारणपणे दुसऱ्या देशांचे खेळाडूही हवेत. म्हणजे आपसात कितीही छान खेळा, समुद्र ओलांडल्याशिवाय किताब नाही.

आइसलंडनं यावर उलटा विचार केला. आपण जगाकडं जाण्याऐवजी जग आपल्याकडं आणायचं.

म्हणजे रेक्याविक ओपन?

हो. पहिली स्पर्धा १९६४ ची. मिखाइल ताल आला आणि १३ पैकी १२½ गुण करून गेला. फ्रिदरिक आणि इतर स्थानिक खेळाडूंना घरबसल्या माजी जगज्जेत्याशी खेळायला मिळालं. बरीच वर्षं ती एक वर्षाआड होई, आता दरवर्षी होते. समुद्रकिनाऱ्यावरच्या हार्पा या काचेच्या सभागृहात नऊ फेऱ्या स्विस पद्धतीनं, म्हणजे साधारण सारखे गुण असलेल्यांच्या जोड्या लावून, खेळल्या जातात. परदेशी ग्रँडमास्टर येतात, त्यांच्याबरोबर हौशी खेळाडूही येतात. स्थानिक पोरांना नॉर्मसाठी लागणारे सगळे घटक एकाच छपराखाली मिळतात.

२००४ मध्ये रेक्याविकला झालेल्या जलद स्पर्धेत तेरा वर्षांच्या मॅग्नस कार्लसननं कास्पारोवशी बरोबरी साधली. आदल्या दिवशी ब्लिट्झमध्ये, म्हणजे काही मिनिटांच्या झटपट डावात, त्यानं कार्पोवला हरवलं होतं. २०२२ मध्ये सोंगट्यांची सुरुवातीची मांडणी बदलून खेळायच्या फिशर रँडम प्रकाराची जागतिक अजिंक्यपद स्पर्धाही रेक्याविकलाच झाली, ती हिकारू नाकामुरानं जिंकली.

भारतीय खेळाडू तिथं जिंकलेत का?

जिंकलेत. अभिजित गुप्ता २०१६ मध्ये, भास्करन अधिबन २०१८ मध्ये आणि आर. प्रज्ञानंद २०२२ मध्ये.

राजधानीबाहेरच्या लोकांचं काय?

त्यांचं कठीणच आहे. देशाच्या सांघिक साखळीनं यावर बरा तोडगा काढलाय. फेऱ्या वर्षभर विखुरण्याऐवजी शरद ऋतूत एक आणि वसंतात एक अशा मोजक्या शनिवार-रविवारी सगळे क्लब एकत्र जमतात आणि लागोपाठ डाव उरकतात. पश्चिमेकडच्या फ्योर्डांतून, म्हणजे डोंगरांमधल्या अरुंद खाड्यांतून, रस्ता बंद असताना दर आठवड्याला कोण येणार? एका खेपेत पाच डाव मिळाले की प्रवासाचं चीज होतं. बाकी हिवाळाभर गावात क्लबची एक संध्याकाळ आणि घरी संगणक.

ऑनलाइन खेळानं अंतर संपलं नाही का?

सरावापुरतं संपलं. कुठल्याही फ्योर्डात बसून मध्यरात्री ग्रँडमास्टरशी ब्लिट्झ खेळता येतं. पण ऑनलाइन डाव फिडेच्या क्लासिकल, म्हणजे लांब डावांच्या, रेटिंगमध्ये धरले जात नाहीत, आणि ते बरोबरच आहे. शिवाय चार तास एकाच माणसासमोर बसून, घड्याळ टिकटिकत असताना वाईट स्थिती सांभाळायची सवय पडद्यावर लागत नाही.

मुली आणि स्त्रिया?

हा दुबळा भाग आहे. वर्षानुवर्षं सर्वात भक्कम नाव लेन्का प्ताच्निकोवाचं, आणि ती महिला ग्रँडमास्टर मूळची चेक. पंधरा-सोळा ग्रँडमास्टरांचं कौतुक करताना त्यात एकही बाई नाही, हे कुणी सहसा मोठ्यानं म्हणत नाही.

ग्रीनलंडमध्ये बुद्धिबळ आइसलंडनं नेलं, असं का म्हणतात?

खेळ तिथं नवा नव्हता, पण चळवळ आइसलंडमधून गेली. ह्रोकुरिन, म्हणजे ‘हत्ती’ नावाच्या रेक्याविकच्या क्लबनं, ह्राफन योकुलसन याच्या पुढाकारानं, २००३ पासून ग्रीनलंडच्या वस्त्यांवर फेऱ्या सुरू केल्या. जिथं दोन गावांमध्ये रस्ताच नाही, जायचं ते बोटीनं किंवा हेलिकॉप्टरनं, तिथं हे लोक पट आणि सोंगट्या घेऊन शाळांमध्ये गेले. ह्राफन २०२२ मध्ये वारला. फिस्कनं ग्रिमसेला संच पाठवले होते. ह्राफन स्वतः जाऊन मुलांशी खेळला, हा फरक मला मोठा वाटतो.

फिशर आइसलंडचा नागरिक कसा झाला?

१९९२ मध्ये निर्बंध मोडून त्यानं युगोस्लाव्हियात स्पास्कीशी पुन्हा सामना खेळला, तेव्हापासून अमेरिकेचं अटक वॉरंट त्याच्या मागं होतं. जुलै २००४ मध्ये जपानच्या विमानतळावर तो पकडला गेला आणि आठ-नऊ महिने कोठडीत राहिला. आइसलंडमधल्या काही जुन्या ओळखीच्यांनी समिती करून धडपड केली आणि मार्च २००५ मध्ये आल्थिंगनं त्याला नागरिकत्व दिलं. त्याची ज्यूद्वेषी आणि विखारी बडबड सगळ्यांना माहीत होती, तिचं समर्थन कुणी केलं नाही. देशाला १९७२ चं ऋण वाटत होतं, एवढंच. तो रेक्याविकला राहिला, पुस्तकांच्या दुकानात बसायचा, स्पर्धांपासून लांब. १७ जानेवारी २००८ ला वारला. वय ६४.

त्याचं थडगं बघता येतं का?

येतं. रेक्याविकहून मुख्य रस्त्यानं पूर्वेला साठेक किलोमीटरवर सेल्फॉस गाव लागतं. गावाबाहेर लाउगारडेलिर इथं शेतांच्या मधे एक लहानसं चर्च आहे, त्याच्या आवारात. तिकीट नाही, रांग नाही. साध्या पांढऱ्या दगडावर नाव आणि दोन तारखा आहेत.